मधुमेही मुलांना वर्गातच इंजेक्शन घेऊ द्या

महोदय,

जूनमध्ये शाळा सुरू होतील. माझी मुलगी सातवीत जाईल. तिला टाइप वन मधुमेह आहे, त्यामुळे दप्तरात पुस्तकांबरोबर इन्सुलिनचं पेन, रक्तातली साखर तपासायचं ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी असते. आधीच्या शाळेत तिला इंजेक्शन घ्यायला स्वच्छतागृहात पाठवत. कारण काय, तर ‘बाकीची मुलं घाबरतात’. जिथे आपण डबा उघडणार नाही, तिथे लेकराने सुई टोचून घ्यायची?

‘चॉकलेटं फार खात असेल’ हे तर आम्ही रोजच ऐकतो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. १९२२ मध्ये इन्सुलिन उपचारात आलं, त्याआधी ही मुलं जगत नसत. म्हणूनच इन्सुलिन थांबवून कारल्याच्या रसावर ठेवण्याचे सल्ले ऐकले की अंगावर काटा येतो.

शिक्षकांनी ओळखायला हवी ती साखर उतरल्याची वेळ. मूल घामाघूम होतं, हात थरथरतात, अक्षर बिघडतं, विचारलं तर चिडून बोलतं. बाईंना वाटतं, लक्ष नाही. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्याला एकट्याने ऑफिसात पाठवायचं नाही. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठायचं. आणि इंजेक्शन घेतल्यावर डबा लांबवून चालत नाही, मग स्नेहसंमेलनाची तालीम कितीही रंगात आलेली असो.

सीबीएसईने २०१७ मध्येच अशा मुलांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानेही २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून शाळेत साखर तपासू द्या, इंजेक्शन घेऊ द्या, मधल्या वेळचं खाऊ द्या, असं सांगितलं. पुण्यासारख्या शिक्षणाचं माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात त्यासाठी पालकांना दरवर्षी नव्या वर्गशिक्षकांपुढे विनवण्या का कराव्या लागतात?

महापालिकेच्या शिक्षण विभागाने आणि खासगी शाळांनी पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना ही माहिती द्यावी. पीटीच्या सरांना तर नक्कीच, कारण खेळल्यावर साखर झपाट्याने उतरते. व्हॅनवाल्या काकांनाही सांगावं. शाळा सुटल्यावर सिंहगड रस्त्याच्या कोंडीत मूल त्यांच्याच भरवशावर असतं.

– एक पालक, धायरी, पुणे