मॅडम, बलकाच्या त्या प्लेटबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात भाषणं इतकी लांबली की मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे जाहीर पत्र.

माणसाला रोग करणाऱ्या यीस्टच्या (एकपेशीय बुरशीच्या) लायपेजवर काम करायचं म्हटल्यावर विभागात बहुतेकांनी नाक मुरडलं होतं. रोग म्हटला की प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम्स) सगळ्यांना आठवतात. चरबी पचवणारं लायपेज बिचारं पोटापाण्याच्या खात्यात. तुम्ही मला बसवून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "यीस्ट राहतं कुठे आणि तिथे त्याला खायला काय मिळतं?"

त्या प्रश्नाने मला मॅलेसेझियापर्यंत नेलं. या यीस्टला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत. त्यासाठी लागणारं जनुकच त्याच्याकडे नाही, हे 2007 साली त्याच्या जनुकसंचावरून स्पष्ट झालं. मग ते आपल्या त्वचेच्या तेलावर जगतं. लायपेज सोडून तेल फोडतं, संपृक्त मेदाम्लं उचलतं आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्लं मागे टाकतं. ज्यांची त्वचा ती सोसत नाही, त्यांच्या डोक्यात कोंडा होतो. म्हणजे इथे त्रास देतं ते यीस्टचं उष्टं! प्रयोगशाळेतल्या साध्या खाद्यमाध्यमावर ते वाढेना, तेव्हा ते वाढवायच्या प्लेटवर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर द्यायला तुम्हीच सांगितलंत.

पण माझ्यावर खरे उपकार केले ते अंड्याच्या बलकाच्या प्लेटने. कँडिडा या दुसऱ्या यीस्टच्या वसाहतीभोवती दुधाळ वलय उमटलं, म्हणजे ते बलक फोडणारं विकर सोडत होतं, आणि मी उड्या मारायला लागले. तुम्ही प्लेट उजेडात धरलीत, वलय मोजू दिलंत, आणि मग शांतपणे म्हणालात, "बलकात फॉस्फोलिपिडं, म्हणजे फॉस्फेट असलेले मेद आहेत, तशी साधी चरबीही आहे. हे काम फॉस्फोलिपिडं फोडणाऱ्या फॉस्फोलायपेजचं की लायपेजचं? आणि विकर सापडलं म्हणून रोग त्यानेच केला, हे कशावरून?"

पुढची दोन वर्षं या दुसऱ्या प्रश्नात गेली, आणि मला ती आवडली. उत्तर विकराचं जनुक काढून टाकून, रोग कमी होतो का हे पाहूनच मिळतं. कँडिडा अल्बिकन्सकडे लायपेजची 10 जनुकं. एक काढलं तर उरलेली त्याचं काम सांभाळून घेऊ शकतात. (तरी त्यांतलं LIP8 हे जनुक एकटं काढल्यावरही उंदरांतला संसर्ग सौम्य झाला, हे विशेष.) कँडिडा पॅराप्सिलोसिसकडे मात्र दोनच. ती दोन्ही काढलेलं वाण 2007 मध्ये तयार झालं, तेव्हा ते चरबीयुक्त माध्यमात नीट वाढेना, त्याची बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून वाढणारा पेशींचा थर) विरळ झाली आणि मानवी ऊतींच्या नमुन्यांत त्याने केलेली हानीही कमी भरली. हेच यीस्ट मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या रक्तात शिरतं, आणि त्या बाळांना अनेकदा शिरेतून मेदाचं द्रावण द्यावं लागतं. शिरेतल्या नळीत बायोफिल्म, वरून चरबीचा रतीब. हे तुम्ही फळ्यावर काढून दाखवलंत, तेव्हा माझा विषय नेमका कोणासाठी आहे हे मला पहिल्यांदा दिसलं.

लायपेजला खलनायक करायचा मोहही तुम्हीच आवरलात. कँडिडा अल्बिकन्स पेशींना भोकं पाडतं ते कँडिडालायसिन या विषाने, हे 2016 मध्ये कळलं. शिवाय प्रथिनं तोडणारी विकरं आहेतच. लायपेज त्या टोळीतलं एक. त्याला रोखणारं औषध बुरशीच्या उपचारात अजून रुळलेलं नाही, आणि माणसालाही चरबी पचवायला लायपेजच लागतं, तेव्हा नेमकं यीस्टचंच अडवणं सोपं नाही. माझ्या शेवटच्या प्रकरणात हे असंच लिहिलंय, फुगवून नाही.

प्रबंध आता जमा होतोय. आभाराच्या पानावर नाव घालायला तुम्ही सक्त मनाई केलीत. पत्राबद्दल काही बोलला नव्हतात.

आपली,
एक विद्यार्थिनी