खाडाखोडीसह

सांगली,
१४ नोव्हेंबर, रात्री उशिरा

प्रिय दिन्या,

स. न. वि. वि. हे आपलं हाताच्या सवयीनं लिहिलं. तुझ्या-माझ्यात कसलं आलंय विनंती-विशेष.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांची कथा ऐकून तू म्हणालास, "अरे, म्हणजे शुद्ध जेकिल आणि हाइडच की!" आणि तेवढ्यात तुझ्या नातवानं भोकाड पसरलं. वीस वर्षं ज्या माणसानं गणपतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब फळ्यावर लावला, त्यानंच दुरुस्ती निधी हळूहळू पोखरला. तू म्हणालास त्यात तसं चूक काही नव्हतं. वर्तमानपत्रवालेही असंच लिहितात. पण फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. कपाटातून स्टीव्हन्सनचं ते ‘डॉ. जेकिल अँड मि. हाइड’ काढलं. दहा प्रकरणं, जेमतेम शंभरेक पानं. दोन रात्रींत संपलं.

कॉलेजात वाचलं तेव्हा शेवट आधीच ठाऊक होता (अब्रूदार डॉक्टर जेकिलच औषध पिऊन दुष्ट हाइड होतो), त्यामुळे भुताची गोष्ट म्हणून वाचलं आणि विसरलो. आता बँकेत बत्तीस वर्षं सह्या तपासून झाल्यावर वाचलं, तर ते मला चक्क आमच्या खात्यातलं पुस्तक वाटलं. हसू नकोस.

गोष्टीची सुरुवातच एका चेकनं होते, आठवतं? हिवाळ्यातल्या पहाटे तीनला लंडनच्या रस्त्यात हाइड एका आठ-दहा वर्षांच्या पोरीला तुडवून पुढे जातो. लोक त्याला धरतात. पण पोलिसात देत नाहीत. म्हणतात, पैसे टाक, नाहीतर लंडनभर तुझी छी-थू करू. सौदा शंभर पौंडांवर तुटतो. हा गडी एका कळकट दारातून आत जातो आणि दहा पौंड सोन्याच्या नाण्यांत, उरलेल्याचा चेक घेऊन बाहेर येतो. चेकवर सही भलत्याच, शहरात नाव असलेल्या माणसाची. त्याला धरणाऱ्या एनफील्डला वाटतं, बनावट असणार. म्हणून सगळे उरलेली रात्र हाइडला सोबत घेऊन बसतात, सकाळी नाश्ता करतात आणि बँक उघडल्यावर जातात. चेक खरा निघतो! दिन्या, खोट्या चेकनं माझी झोप अनेकदा उडवली आहे. खऱ्या चेकची भीती मला या पुस्तकानं पहिल्यांदा घातली.

पुढे कबुलीत जेकिल सांगतो, हा घोळ पुन्हा नको म्हणून त्यानं दुसऱ्या बँकेत हाइडच्या नावानं खातंच उघडलं आणि आपलंच अक्षर मागे कलतं करून त्याला सही देऊन टाकली. केवायसी नव्हतं म्हणून जमलं, असं मनात आलं आणि एकटाच हसलो. पण जेकिलच्या वकिलाचा कारकून गेस्ट दोन्हींचे कागद शेजारी-शेजारी ठेवतो आणि म्हणतो, वळणं बरीचशी एकच आहेत, कल तेवढा वेगळा. मी त्या कारकुनाला मनातल्या मनात बढती दिली.

आता आपल्या वादाचं. तू म्हणतोस तशा एका माणसाच्या दोन फाका, एक चांगली, एक वाईट, असं ते पुस्तक नाहीच. औषध पोटात गेल्यावर जेकिलमधून हाइड निघतो, तो निव्वळ वाईट. मग मागे उरलेला जेकिल निव्वळ चांगला व्हायला हवा की नाही? होत नाही. तो जसा होता तसाच राहतो, सरमिसळ. हे मी म्हणत नाही, जेकिलच लिहून ठेवतो. ताक घुसळून लोणी काढावं आणि भांड्यात पुन्हा सायीसकट दही दिसावं, तसला प्रकार. तो असंही म्हणतो की औषध ना देवाचं होतं ना सैतानाचं. त्यानं फक्त आतल्या कोठडीची दारं हलवली, त्या वेळी आत जो जागा होता तो बाहेर आला.

आणि कोठडीत ठेवलेलं असं होतं तरी काय? तरुणपणाची थोडी मौज. काय ती, हे पुस्तकात शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. (१९३१ आणि १९४१ च्या सिनेमावाल्यांनी तिथे एक घरंदाज वाग्दत्त वधू आणि एक बदनाम बाई आणून बसवली, म्हणून आपल्याला वाटतं की आपल्याला कळलं.) जेकिलच्याच म्हणण्याप्रमाणे, दुसऱ्या कुणी ती मौज मिरवलीही असती. याला मात्र चारचौघांत मान ताठ ठेवून चालायचं होतं. म्हणून लपवणं आलं. लपवायला जागा लागते, म्हणून मागचं दार आलं. घराचा दर्शनी भाग सुखवस्तू, दिवाणखान्यात शेकोटी. त्याच घराचं परसदार भलत्याच गल्लीत, रंगाचे पोपडे उडालेलं, ना घंटा ना कडी. दोन्ही दारं एकाच वास्तूची आहेत हे वाचकाला लगेच कळत नाही. शेजाऱ्यांनाही कळत नसावं. आपल्या वाड्यांतून परसदारी काय-काय चालायचं ते आठव, म्हणजे समजेल.

स्टीव्हन्सनला ही अक्कल एका कपाटानं दिली असं मला वाटतं. तो एडिंबरोचा. त्याच्या लहानपणीच्या खोलीत विल्यम ब्रोडीनं बनवलेलं कपाट होतं. हा ब्रोडी अठराव्या शतकातला नामांकित सुतार, आपल्या धंद्याच्या पंचायतीचा प्रमुख आणि नगरसभेचा सदस्य. दिवसा ज्यांच्या घरी कामाला जाई त्यांच्या किल्ल्यांचे ठसे घेई आणि रात्री तीच घरं फोडी. जकात कचेरीवरचा दरोडा फसला, ॲम्स्टरडॅमला पळाला, धरून आणला आणि १ ऑक्टोबर १७८८ ला फासावर गेला. आजारी पोरगं रात्रभर अंथरुणात जागं, आणि समोर ते कपाट. पुढे मोठेपणी स्टीव्हन्सननं आपल्या कवी मित्राबरोबर, हेन्लीबरोबर, ब्रोडीवर नाटकही लिहिलं, ते काही चाललं नाही. मग १८८५ मध्ये बोर्नमथला छातीच्या दुखण्यानं अंथरुणावर असताना स्वप्न पडलं. ओरडत होता म्हणून बायकोनं, फॅनीनं, उठवलं, तर तिच्यावरच चिडला, एवढी छान भयकथा चालली होती, कशाला उठवलंस! पहिला खर्डा तिला पसंत पडला नाही, तो चुलीत गेला, आणि त्यानं पुन्हा लिहिलं. जानेवारी १८८६ मध्ये एक शिलिंगाला पुस्तक बाजारात आलं आणि सहा महिन्यांत चाळीसेक हजार प्रती खपल्या.

एडिंबरोच्या पाण्यातच काही असावं. जेम्स हॉगची १८२४ सालची ती पापी माणसाच्या कबुलीची कादंबरी तुला मी एकदा दिली होती, तू न वाचताच परत केलीस. त्यातल्या पोराला लहानपणापासून शिकवलेलं असतं की देवानं निवडलेल्या माणसांच्या हातून काही झालं तरी त्यांचा स्वर्ग ठरलेला, आणि मोठा झाल्यावर त्याला सांगितलं जातं की तूही त्यांतलाच. मग त्याला गिल-मार्टिन नावाचा एक अनोळखी दोस्त भेटतो, ज्याला हव्या त्या माणसाचा चेहरा घेता येतो. प्रकरण भावाच्या खुनापर्यंत जातं. तिथे औषधबिषध काही लागत नाही. मी चांगला आहे ही खात्री पुरते.

ऑस्कर वाइल्डच्या कादंबरीतला तुझा तो लाडका डोरियन ग्रे मला अजूनही पटत नाही. सगळं पाप तसबिरीवर साठतं आणि बाबा आपला कोरा करकरीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हाइडनं एका म्हाताऱ्या गृहस्थाचा खून केल्यावर जेकिल घाबरतो, औषध सोडतो, दानधर्माला लागतो. काही महिने खरोखर चांगला वागतो. मग मधेच पाय घसरतो, पण या वेळी औषधाशिवाय, जेकिल म्हणूनच. आणि जानेवारीतल्या एका लख्ख दिवशी तो रीजंट्स पार्कात बाकावर बसलेला असतो. ऊन पडलंय, पाखरं ओरडतायत. त्याच्या मनात येतं, झालं ते झालं, शेवटी आपण इतरांसारखेच. मग तो स्वतःची इतरांशी तुलना करतो आणि हसतो. मी धडपडून लोकांचं भलं करतो, आणि हे लोक? आळशी, निष्ठुर, कुणाकडे ढुंकून न बघणारे. नेमक्या त्या क्षणी त्याला मळमळतं. खाली बघतो तर कपडे ढगळ झालेत आणि गुडघ्यावरचा हात केसाळ, हाडकुळा. औषध न घेता, भरदिवसा! हाइडला या वेळी बोलावलं ते कुठल्या वासनेनं नव्हे, शाबासकीनं. स्वतःच स्वतःला दिलेल्या.

हे पान वाचून मी पुस्तक उपडं ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

अण्णांचं शेवटचं दीड वर्ष तुला माहीत आहे. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. बाई दिवसाची, रात्र माझी. सोसायटीत मला श्रावणबाळ म्हणायचे, तूही एकदा म्हणालास. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, जिन्यात कुणी तसं म्हटलं की मी दोन पायऱ्या सावकाश चढायचो.

एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलत होतो. दोन-अडीच वाजले असतील. अण्णांनी चांगल्या हातानं माझा सदरा धरून ठेवला होता, सोडेनात. मी त्यांचं मनगट धरलं आणि दाबलं. हात सोडवायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. ते माझ्याकडे बघत होते. आवाज करता येत नव्हता त्यांना. सकाळी तिथे काळंनिळं झालं होतं. बाईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, सलाइनच्या सुईचं असेल. तिनं मान हलवली. वर म्हणाली, "तुम्ही करता तेवढं पोटची लेकही करत नाही हो."

त्या रात्रीच्या आधी संध्याकाळी मी कट्ट्यावर बसून दुसऱ्या एका घराबद्दल बोललो होतो. त्यांनी आईला आश्रमात ठेवलं म्हणून. काय बोललो ते शब्द इथे लिहीत नाही.

एवढी वर्षं मी ती रात्र मनात कशी ठेवली होती ठाऊक आहे? "माझ्या हातून घडलं" अशी. आपल्या भाषेची सोय बघ. हातून घडतं, तोंडून जातं, पाय घसरतो. माणूस आपला बाजूला उभा. जेकिलही कबुलीत हाइडबद्दल लिहिता लिहिता अडतो. "तो" म्हणतो मी, "मी" असं मला म्हणवत नाही. त्यालाही एक हातच दिसला होता सकाळी, आपल्याच अंथरुणात, चादरीवर.

म्हणून खजिनदारांना तू हाइड म्हणालास तेव्हा मला झोंबलं. त्यांची बाजू घेत नाही, पैसे भरून द्यावेच लागतील. पण फळ्यावर हिशेब लिहिणारा आणि निधी पोखरणारा अशी दोन माणसं तिथे नव्हती रे. अक्षर एकच होतं. पावत्या मी स्वतः पाहिल्या.

मागच्या पानावर, मनगटाच्या वाक्याशी, तुला खाडाखोड दिसेल. आधी तिथे "हातून दाबलं गेलं" असं लिहून गेलो होतो. खोडून "मी दाबलं" केलंय. आमच्या वेळी चेकवर खोडलं की शेजारी पूर्ण सही लागायची, म्हणून तिथे केली आहे. तुला ओळखीची वाटेल.

वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझा,
बापू

ता. क. नवे खजिनदार म्हणून सोसायटीनं मला विचारलंय. "तुमच्यासारखा स्वच्छ माणूस दुसरा नाही" म्हणाले. रविवारी मीटिंग आहे. त्याआधी फोन कर.