मोखाड्याच्या अंगणवाडी ताईंना

ताई,

प्रबंध गेल्या आठवड्यात जमा केला. त्यात आभाराचं पान आहे, पण तिथे आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, मग निधी देणारे, असा मानपान ठरलेला. तुमचं नाव दहाव्या ओळीत गेलं. म्हणून हे वेगळं पत्र.

पोषणशास्त्रात संशोधन म्हणजे ‘काल दिवसभरात काय खाल्लं?’ हे शेकडो जणींना विचारत फिरायचं. मोजमापाच्या स्टीलच्या वाट्या घेऊन मी भर आषाढात पाड्यावर आले. प्रत्येक गरोदर बाई सांगायची, वरण, भात, भाजी, चपाती. डाळीचा डबा समोर रिकामा दिसत होता. माझ्या आधीच्या गाइडना फोन केला तर म्हणाले, “सांगतात ते लिहा, तक्ता भरल्याशी कारण.” याच गृहस्थांनी माझं पहिलं प्रकरण सात महिने न वाचता कपाटात ठेवलं होतं. असो, त्यांच्यावर एवढी शाई पुरे.

तुम्ही उंबऱ्यात बसलात, माझी वही स्वतःकडे ओढलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, “माझं आधी लिवा मॅडम. सकाळी नागलीची आंबील. रातच्याला भाकर नि टाकळा. त्येल नव्हतं.”

शेजारची हसली. म्हणाली, “आमच्यात भाकर पण अर्धीच.” मग एकेक जण बोलू लागली.

१०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे मला झोपेतही सांगता येतं. परिषदेत ते सांगून टाळ्याही घेतल्यात. अर्ध्या भाकरीत ते किती उरतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

तुमची अंगणवाडी ज्या योजनेत चालते, ती एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. तुम्हाला अजून पगार नाही, ‘मानधन’ आहे. (मान कोणी दिलेला मला तरी दिसला नाही.) पोरांची वजनं, रजिस्टरं, वरून साहेबांच्या भेटी, एवढं सांभाळून तुम्ही त्या बायांची लाज राखायला स्वतःचं ताट उघडं केलंत. इतका साधा चांगुलपणा शिकल्यासवरल्या लोकांत मला क्वचितच भेटला.

तुम्ही गरोदर नव्हतात, त्यामुळे नमुन्यात बसत नव्हता. आकडेमोडीआधी तुमची ओळ गाळावी लागली. वहीत मात्र ती तशीच आहे : क्र. १. आंबील, भाकर, टाकळा. तेल नाही.

तुमची,
वाट्यावाली मॅडम