शेतातली नाणी आणि दहा रुपयांचा कायदा

संपादक महाशय,

मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या रानात 'खजिना' शोधणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली फार दिसतात. निघते काय, तर बैलाची नाल, गंजके खिळे आणि फार तर कंपनी सरकारचा 1835 चा तांब्याचा पाव आणा. एका बाजूला सिंहांचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला पानांची वेल. ते नाणेही चिंच लावून लखलखीत घासायचे, म्हणजे संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल गेलेच!

कायद्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. 1878 च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा दहा रुपये म्हणजे जवळपास दहा तोळे चांदी होती. आज चांदीचा राणीछाप एक रुपयाही ती मर्यादा सहज ओलांडतो. कुळवताना एखादे नाणे सापडलेला शेतकरी त्यासाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालणार नाही, सरळ सराफाकडे जाईल. ही मर्यादा वाढवावी आणि नोंदीची सोय तलाठ्याकडेच करावी.

– एक शेतकरी वाचक, जुन्नर