अग्निवीर भरतीच्या कागदांवर सही करण्याआधी

महोदय,

सैन्यातल्या चार वर्षांच्या अग्निवीर भरतीत निवडलेला मुलगा अठराच्या आतला असेल, तर नोंदणीच्या कागदांवर पालकांचीही सही लागते. बहुतेक घरांत ती न वाचताच होते. म्हणून हे पत्र मुलांइतकेच त्यांच्या आईवडिलांसाठी.

पहिला घोळ पगाराचा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये पगार, हे खरे. पण त्यातले ३० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, सेवानिधीसाठी कापले जातात. हातात पडतात २१,००० (भत्ते वेगळे). चौथ्या वर्षी पगार ४०,००० आणि हातात २८,०००. घरच्या कर्जाचा हप्ता ३०,००० धरून बांधला, की पहिल्याच वर्षी ओढाताण सुरू होते. चार वर्षांत मुलाची कपात ५.०२ लाख होते, सरकार तेवढीच भर घालते आणि व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. पण चार वर्षांनंतर मुलगा सैन्यात कायम झाला, तर सरकारी वाटा मिळत नाही. फक्त त्याची कपात आणि व्याज. स्वतःहून मध्येच बाहेर पडला तरी तेच, आणि तशी परवानगीही अपवादानेच मिळते. ही अट माहीत असलेले पालक फार थोडे.

हा निधी म्हणजे पेन्शन नव्हे. चार वर्षांनी परतणाऱ्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे कँटीन आणि सैन्याची वैद्यकीय योजनाही नाही. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा आहे आणि त्याचा हप्ता पगारातून जात नाही, हेही सांगायला हवे.

कायम होणार २५ टक्क्यांपर्यंत. यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचावा. हिशेब चारांपैकी परतणाऱ्या तिघांचा धरायचा. आपला मुलगा चौथा निघाला तर आनंदच. बाविशीच्या आसपास तो घरी येईल तेव्हा हातात काय असेल? दहावीवर गेलेल्याने सेवेतच बारावीची समकक्षता मिळवावी. बारावी झालेल्यांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी आहे. तिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणातूनच मिळतात. निमलष्करी दलांत अग्निवीरांसाठी आरक्षण जाहीर झाले आहे, पण आरक्षण म्हणजे नेमणूकपत्र नव्हे.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती वैद्यकीय चाचणीत बाद होणाऱ्या मुलांबद्दल. आधी ऑनलाइन परीक्षा, मग १.६ किलोमीटर धावणे आणि पुलअप्स, आणि वैद्यकीय तपासणी शेवटी. दोन-दोन वर्षे अकादमीची फी भरून धावलेला मुलगा तिथे सपाट तळव्यांमुळे परत येतो. हे घरीच कळू शकते. ओल्या पायाने कोरड्या फरशीवर उभे राहा: ठशाच्या आतल्या बाजूला कमान दिसली तर ठीक, पूर्ण तळवा उमटला तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ, मग अकादमी. पाय जवळ घेऊन सरळ उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोट्यांमध्ये फट राहते का, तेही पाहा. रंगांधळेपणा नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या तक्त्यावर काही मिनिटांत कळतो. कानातला मळ आधीच काढून घ्यावा, आणि अंगावर नवे गोंदण अजिबात नको. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू सोडल्यास कायमचे गोंदण सहसा चालत नाही.

‘सेटिंग’साठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. परीक्षा संगणकावर होते आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. तिथे अभ्यासच लागतो.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती: भरतीची बातमी देताना मूळ पगाराशेजारी हातात पडणारी रक्कम आणि कायम होण्याची अटही छापावी.

– भरतीपूर्व मार्गदर्शन करणारे काही माजी सैनिक