शेताबद्दल विचारलंस म्हणून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर फ्लॅटसाठी शेत विकायचं काढलंस आणि मी गप्प झालो. रागावलो नव्हतो. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहितोय.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर लागलो तेव्हा आपल्या ओळीतल्या अकराही घरांत म्हशी होत्या. पुरुषमाणसं दिवसा कारखान्यात, सकाळ-संध्याकाळ शेतात. भात घरचं, तेल-मीठ पगारातलं. आता म्हशी एकाच घरात उरल्यात. बाकीच्यांनी मजले चढवून खोल्या काढल्या. मच्छे गावात विद्यापीठ आलं, कारखाने वाढले, माणसं राहायला येत गेली. २००१ च्या जनगणनेत बेळगाव आणि लगतची वस्ती मिळून ५ लाख ६ हजार होती, २०११ ला ६ लाख १० हजारांवर गेली. त्यानंतर किती भर पडली ते आपल्या गल्लीतल्या मोटारसायकली बघूनच कळतं.

आपल्या वरच्या तीन खोल्यांत सध्या फौंड्रीतली बिहारची दोन पोरं, रायबागकडचं एक जोडपं आणि विद्यापीठात शिकणारे दोघे आहेत. रायबागची बाई आईशी मराठी बोलते नि आई तिच्याशी कन्नड. दोघीही चुकतात, पण सकाळचं पाणी सुटलं की जिन्यावर त्यांच्या गप्पा संपत नाहीत. मराठी शाळेचे वर्ग ओस पडतायत, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण बाहेरून आलेल्यांना काय बोलायचं? आपल्याच माणसांनी पोरं इंग्लिश मीडियमला घातली.

शेत परवडत नाही, हा तुझा हिशेब बरोबर आहे. खोल्यांचं भाडं महिन्याला साडेदहा हजार येतं. खर्च वजा जाता वर्षभरात शेत दोन महिन्यांच्या भाड्याइतकंही देत नाही. शेजारच्या ले-आऊटच्या गटारीचं पाणी बांध फोडून आत येतं, रोपलावणीला बायका मिळत नाहीत. गावची पट्टण पंचायत झाली, म्हणजे गाव शहरात धरलं गेलं, नि मावशीचं रोजगार हमीचं काम बंद झालं, कारण ती योजना खेड्यांपुरती. आता तिचा आधार म्हणजे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये.

पण २०२० आठव. कारखाने बंद, विद्यापीठ बंद. पोरं मिळेल त्या वाटेनं गावी गेली आणि तिन्ही खोल्यांना चार महिने कुलूप होतं. भाडं दुसऱ्याच्या पगारावर चालतं रे. त्या चार महिन्यांत आपण आणि मावशी, दोन्ही घरं कणगीतल्या भातावर निभावली. तू पुण्यात अडकला होतास, आम्ही तुला हे सांगितलं नव्हतं.

वरच्या गल्लीतल्या काकांनी सगळी जमीन प्लॉटवाल्याला दिली. घर झालं, लेकीचं लग्न झालं, गाडीही आली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मळणीला ते न बोलावता येतात. मागच्या साली दिवसभर सूप घेऊन पाखडत बसले. मी एक शेर बासमती बांधून दिली तर पिशवी तिथंच उघडून वास घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि जमीन वडिलोपार्जित आहे. २००५ च्या कायद्यानं ताईचा बरोबरीचा वाटा आहे. तिला तू विचारलंयस का? माझ्या आधी तिला फोन कर.

फ्लॅटसाठी माझ्या फंडातले साडेतीन लाख बँकेत ठेवलेत, ते घे. हे पैसे परत मागणार नाही. अठरा गुंठे मात्र मी विकणार नाही. माझ्यामागं तुम्ही दोघं मिळून ठरवा.

भात पोटरीत आलंय. नोव्हेंबरात कापणी झाली की ओल असेतोवर मसूर टाकायची आहे, माझ्या एकट्याच्यानं होणार नाही. दोन दिवस रजा काढ. सूनबाईला नि पोराला घेऊन ये, त्याने अजून उभं भात बघितलेलं नाही.

तुझे बाबा