युद्ध आलं की नाचाचे कपडे ट्रंकेत का जातात? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी दादरला राहते आणि एकोणीस वर्षं झाली, नाचाचे ड्रेस शिवते. आधी फक्त भरतनाट्यमचे शिवायचे, गेली सहा-सात वर्षं बॅलेचे पण शिवते कारण मुंबईत आता बॅले शिकणाऱ्या मुली खूप झाल्यात आणि बाहेरून मागवलेला ड्रेस सगळ्यांना परवडत नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे मे २०२५ मध्ये, एका क्लासचा 'जिझेल' या बॅलेचा दुसरा अंक होणार होता, ११ मे, रविवार. २२ मुली, २२ पांढरे ड्रेस. एका स्कर्टला नेटचे पाच थर, वरचे मऊ आणि आतला कडक, ज्याला आमच्याकडे कॅनकॅन म्हणतात, आणि प्रत्येक थर हाताने चुण्या घालून पट्टीवर टाचायचा, मशीनवर मारला की तो फुगतो पण उडत नाही. माझ्याकडे हातशिलाईला दोघीजणी येतात, आम्ही तिघींनी दोन महिने तेच केलं. मंगलदास मार्केटमधून नेट आणलं ते माझ्या पैशाने. मग ७ मे आला, मॉक ड्रिल, सायरन, टीव्हीवर रात्रभर बातम्या, आणि ९ तारखेला आयोजकांचा मेसेज की शो कॅन्सल. मी एक शब्द बोलले नाही. सीमेवर जवान असताना हिशोब काय मागायचा असंच मलाही वाटलं. १० तारखेला युद्धविराम झाला. त्याच ९ तारखेला आयपीएल पण थांबलं होतं, ते १७ तारखेला परत सुरू झालं, नव्या तारखा लागल्या. आमच्या शोची तारीख अजून लागलेली नाही. ॲडव्हान्स सोडून बाकी पैसे आले नाहीत, त्या दोघींना मी घरातून दिले.

रात्री झोप लागत नव्हती तेव्हा वाचत बसायचे, की दुसरीकडे युद्धात नाचणाऱ्यांनी काय केलं, त्यांच्या कपड्यांचं काय झालं. ते तुम्हाला सांगायचंय म्हणून हे पत्र.

मे १९४०. लंडनच्या सॅडलर्स वेल्स बॅलेला ब्रिटिश कौन्सिलने हॉलंडच्या दौऱ्यावर पाठवलं होतं. कंपनी चालवणाऱ्या बाई निनेट द व्हॅल्वा, मुख्य नर्तकी मार्गो फाँटेन, ती तेव्हा अवघी वीस वर्षांची. ९ मे च्या रात्री अर्नहेमला त्यांचा शो झाला, अर्नहेम म्हणजे जर्मन सीमेच्या अगदी जवळ, तिथून ते बसने हेगला परत आले आणि १० तारखेच्या पहाटे हेगच्या आसपास जर्मन सैनिक पॅराशूटने उतरायला लागले. सगळी मंडळी कशीबशी किनाऱ्याला पोचली आणि मालवाहू बोटीतून घरी गेली. माणसं वाचली पण पडदे, कपडे, संगीताच्या वह्या सगळं मागेच राहिलं. त्यात 'चेकमेट' होतं, त्याचे कपडे आणि देखावे १९४७ ला नव्याने केले तेव्हा ते परत उभं राहिलं. पण 'होरोस्कोप' नावाचा बॅले होता, संगीत कॉन्स्टंट लँबर्टचं, नाच फ्रेडरिक ॲश्टनने बसवलेला, त्याची पूर्ण स्वरलिपी हॉलंडमध्येच गेली, वेगळे छापलेले काही तुकडे होते तेवढेच उरले, आणि तो बॅले पुन्हा कधी पूर्ण उभा राहिला नाही. जेमतेम सव्वादोन वर्षांचं वय होतं त्याचं.

घरी आल्यावर काय, लंडनवर बॉम्ब पडायला लागले, त्यांचं थिएटर घरं गेलेल्या लोकांना राहायला दिलं. (बरोबरच केलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.) वाद्यवृंद परवडत नव्हता म्हणून दोन पियानोंवर बॅले चालवले, एकावर स्वतः लँबर्ट बसायचा. पुरुष नर्तक सैन्यात गेले, ॲश्टनसुद्धा हवाई दलात. १ जून १९४१ पासून कपड्याला रेशनिंग आलं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, त्यात कोट पण आला, चप्पल-बूट पण आले आणि मोजे पण. आता तुम्हीच विचार करा, अशा वेळी नाचाच्या कपड्यांसाठी कापड मिळवायचं म्हणजे काय असेल. तरी ते गावोगावी फिरले, कारखान्यात राबून आलेल्या लोकांसमोर नाचले आणि लोक तिकिटं काढून बघत होते. सरकारनेही १९४० मध्येच कलांसाठी एक मंडळ काढलं होतं, पुढे त्याचंच आर्ट्स कौन्सिल झालं. युद्ध चालू असताना काढलं, साहेब.

आणि २० फेब्रुवारी १९४६. कोव्हेंट गार्डनचं ऑपेरा हाऊस युद्धात डान्स हॉल झालं होतं, ते परत उघडलं ते याच कंपनीच्या 'स्लीपिंग ब्यूटी'ने. कुपनं अजून चालूच होती, कापड मिळत नव्हतं, आणि ऑलिव्हर मेसेलने राजवाड्याचे कपडे डिझाईन केले होते, एका सबंध दरबाराचे! राजा-राणी बघायला आले होते. ते कपडे ज्यांनी शिवले त्यांची नावं मला सापडली नाहीत. मी बराच वेळ शोधली.

तुम्ही म्हणाल हे झालं इंग्लंडचं. आपल्याच अंधेरीत बघा. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये इप्टा या नाट्यसंस्थेचं नृत्यपथक अंधेरीत एकत्र राहत होतं, शांती बर्धन नाच बसवत होते, 'स्पिरिट ऑफ इंडिया' त्यांनी तिथेच बसवला आणि त्याचे शो करून दुष्काळासाठी पैसे उभे केले. १९४३ पासून कापडावर सरकारी कंट्रोल होता, युद्ध चालू होतं. त्याच १९४४ मध्ये नर्तक उदय शंकरांचं अल्मोड्याचं नृत्यकेंद्र मात्र पैशाअभावी बंद पडलं. बर्धन आधी तिथेच होते. एक जागा बंद झाली तरी काम थांबलं नाही कारण कुणीतरी जेवायला आणि राहायला जागा दिली होती. एवढंच लागतं खरं तर.

आणि आत्ताचं सांगायचं तर युक्रेन. कीवचं ऑपेरा हाऊस मे २०२२ मध्ये परत उघडलं, खाली शेल्टरमध्ये जेवढी माणसं मावतील तेवढीच तिकिटं विकायची, सायरन वाजला की प्रयोग थांबवून सगळे खाली. चायकोव्हस्की हा रशियन संगीतकार, त्याचं संगीत बंद केलं म्हणून त्याचा 'स्वान लेक' हा हंसांचा बॅले पण बंद. त्यावर मी मत देणार नाही, ज्यांच्या घरावर मिसाईल पडतात त्यांनी ते ठरवावं, पण त्या हंसांचे ड्रेस ज्या बायकांनी टाचले असतील त्या माझ्या डोळ्यासमोर येतात. आर्तेम दात्सिशिन हा तिथला मुख्य नर्तक गोळाबारात जखमी होऊन मार्च २०२२ मध्ये गेला. देश सोडून आलेल्या युक्रेनी नर्तकांना आसरा दिला तो हेगने, हो, तेच हेग, आणि तिथे त्यांची एक कंपनी तयार झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये ते लंडनला 'जिझेल' घेऊन गेले तेव्हा देखावे आणि कपडे बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने उसने दिले होते. हे वाचलं तेव्हा मी उठून माझी ट्रंक उघडून बघितली. बर्मिंगहॅमकडे ते कपडे नीट ठेवलेले होते म्हणून देता आले ना.

म्हणून साहेब माझं मागणं. युद्धामुळे शो थांबला तर थांबू दे, पण सरकारी नाट्यगृहात किंवा सरकारी अनुदानावर जो कार्यक्रम ठरलाय तो रद्द न करता पुढची तारीख देऊनच थांबवायचा असा नियम करा. खासगी आयोजकांनाही हॉल देताना हीच अट घाला. आणि शिवून झालेल्या कपड्याची मजुरी शो होवो न होवो द्यायचीच. आमच्यासारख्यांशी कुणी कागद करत नाही, ड्रेपरीवाल्यांचं, मेकअपवाल्यांचं पण तेच आहे, सगळं फोनवर ठरतं, म्हणून नियम तुमच्याकडून यायला हवा. दुसरं म्हणजे नाचाच्या कपड्यांसाठी एक कोरडी जागा द्या. मुंबईच्या पावसात नेटला वास लागतो, जरीचं काम काळं पडतं, जुन्या संस्थांचे किती ड्रेस असे माळ्यावर सडले ते मी स्वतः बघितलंय. गरज पडली तर उसने देता येतील असे ठेवा.

माझे २२ ड्रेस मलमलमध्ये गुंडाळून ठेवलेत, मधे मधे उन्हं दाखवते. शिवताना कमरेला आणि पाठीला दीड इंच मार्जिन ठेवलं होतं. मुली वाढल्यात, काहींना तेही पुरणार नाही. तारीख कळली तर लगेच उसवायला घेईन, मला तीन आठवडे लागतील.

आपली,
दादरची एक शिवणारी